मे महिन्यात वेलिगामा (श्रीलंका): सर्फिंग शिकायचंय, बुटीक हॉटेल कुठे आणि कसं बघावं?

पिंप्राळा_जळगाव

नमस्कार मंडळी. शाळेला सुट्टी लागली की 5 ते 12 मे श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर जायचा बेत आहे. आम्ही चौघं: नवरा-बायको, मुलगी 13 वर्षांची आणि धाकटा भाऊ. चौघांनाही सर्फिंग पहिल्यापासून शिकायचंय. भाऊ विहिरीत पोहलेला आहे, बाकीच्यांचं पोहणं जेमतेम. पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

मोठं रिसॉर्ट नको. आठ-दहा खोल्यांचं, झाडीतलं, जरा देखणं बुटीक हॉटेल हवंय. एका खोलीला रात्रीचे 8-9 हजार रुपये (म्हणजे साधारण 100 डॉलर) जमतील, दोन खोल्या घेऊ. शेजारच्या आहंगामाला फार सुंदर हॉटेलं दिसतात, वेलिगामाला त्या मानाने साधी. आहंगामा बुक करू का? आणि खोलीचे फोटो सोडून नेमकं काय तपासायचं?

सातपुडा_ते_सागर

भाऊ, हॉटेल नंतर. आधी महिना बदला.

वेलिगामा, मिदिगामा, आहंगामा, मिरिस्सा हा सगळा पट्टा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या तोंडावर आहे. तिथला चांगला हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत. या दिवसांत वारा ईशान्येकडून येतो. म्हणजे दक्षिण किनाऱ्यावर तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. मे उजाडला की वारा फिरतो आणि समुद्राकडून किनाऱ्यावर येऊ लागतो. लाटा मोठ्या, पण विस्कटलेल्या. ओढ वाढते, पाणी गढूळ होतं आणि बरीचशी छोटी हॉटेलं डागडुजीसाठी बंद होतात किंवा अर्ध्या माणसांवर चालतात. मे महिन्यात दर एकदम उतरलेले दिसले असतील, ते त्यामुळेच.

मे सोडायचाच नसेल तर बेटाच्या पूर्वेला अरुगम बे. तिथला हंगाम साधारण मे ते सप्टेंबर, कारण तीच हवा तिथे जमिनीवरून समुद्राकडे जाते. पण कोलंबो विमानतळावरून गाडीने सात-आठ तास, हॉटेलं जास्त करून लाकडी कबाना (झोपडी) छापाची, आणि मेच्या सुरुवातीला हंगाम नुकता उघडत असतो. शिकाऊंसाठी तिथे बेबी पॉइंट, व्हिस्की पॉइंट, पीनट फार्म. मुख्य पॉइंट खडकावरचा, तो तुमच्या कामाचा नाही.

दिवाळीची सुट्टीही फसवी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन मोसमांच्या मधला पाऊस दक्षिणेला चांगलाच झोडपतो. नाताळात गर्दी आणि दर दोन्ही शिगेला. तुमच्यासाठी सोयीचे दोन तुकडे: संक्रांत ते 26 जानेवारी, नाहीतर परीक्षा आटोपल्यावर मार्चअखेर ते 10 एप्रिल. 13-14 एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं. त्या आठवड्यात दुकानं बंद, स्थानिक लोक गावी निघालेले, गाड्या भरलेल्या.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे 45 अंश सोसणारा माणूस तिथले 31 बघून हसतो. पण आपली हवा कोरडी, कूलरला पाणी घातलं की भागतं. तिथे दमटपणा एवढा की घाम वाळतच नाही आणि कूलर तर निरुपयोगीच. खोली निवडताना हे लक्षात असू द्या.

पांझराकाठ_धुळे

महिन्याचं वरच्या भाऊंनी सांगितलं, मी हॉटेलकडे वळतो.

आहंगामाची हॉटेलं सुंदर आहेत यात वाद नाही. अडचण अशी की आहंगामा-मिदिगामासमोरचा समुद्र बहुतेक ठिकाणी खडकाळ तळाचा आहे. तिथल्या लाटा पोहता येणाऱ्या, बोर्डवर उभं राहता येणाऱ्या माणसासाठी. जवळच्या कबालानाला वाळू आहे, पण मोठ्या लाटेच्या दिवशी काठावरचा मार आणि ओढ दोन्ही जोरात. वाळूचा तळ, उथळ पाणी, लांबवर पसरलेला फेस असा शिकाऊंचा पाळणा म्हणजे वेलिगामाचा उपसागर. आहंगामा ते वेलिगामा आठ-दहा किलोमीटर. रोज सकाळी चौघांना दोन टुकटुक (तिथल्या रिक्षा), परत येताना ओले कपडे आणि दोन टुकटुक. दोन दिवसांत कंटाळा येतो आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतं, 'आज नको.'

म्हणून आठवड्याचे दोन भाग करा. पहिल्या चार रात्री वेलिगामात, किनाऱ्यापासून चालत पाच-दहा मिनिटांवर, साधं पण नीट गेस्टहाउस. शेवटच्या दोन-तीन रात्री आहंगामाच्या आतल्या बाजूला, भातशेतीत किंवा माडांत, मनासारखं बुटीक हॉटेल. तोवर अंग दुखायला लागलेलं असतं, तेव्हा स्विमिंग पूल आणि व्हरांड्याची किंमत कळते. पैसेही वाचतात, कारण दिवसभर समुद्रात असताना महागडी खोली रिकामीच पडून असते.

आता तपासायचं काय.

पहिलं, नकाशा. कोलंबोहून गॅलमार्गे येणारा ए-2 रस्ता किनाऱ्याला चिकटून जातो आणि त्यावर खाजगी बसेस हॉर्न वाजवत शर्यत लावतात. रस्त्याच्या आतल्या बाजूने रेल्वेचा रूळ. 'बीचफ्रंट' लिहिलेल्या हॉटेलची मागची भिंत बहुधा या रस्त्याला लागून असते. नकाशावर हॉटेलचा ठिपका मोठा करून रस्ता आणि रूळ दोन्हींपासूनचं अंतर मोजा. 150-200 मीटर आत गेलं की आवाज बराच बसतो. रस्त्यालगतचंच घ्यायचं असेल तर समुद्राकडची खोली लेखी मागा. भुसावळकरांना रुळाचं काही वाटणार नाही, बाकीच्यांना वाटेल.

दुसरं, खोलीची बांधणी. तिकडच्या देखण्या हॉटेलांवर जेफ्री बावा (1919–2003) या वास्तुकाराच्या शैलीची दाट छाप आहे: मधलं अंगण, उतरती कौलं, घोटलेल्या सिमेंटची जमीन, काचांऐवजी लाकडी जाळ्या, उघडं न्हाणीघर. फोटोत अप्रतिम. राहताना तीन गोष्टी छळतात. ओल्या पायाने घोटलेलं सिमेंट भयंकर घसरतं. उघड्या न्हाणीघरात संध्याकाळी डास येतात, आणि झाडी असेल तर माकडंही, साबण पळवायला. आणि जाळीच्या खिडक्यांमुळे एसी बसवताच येत नाही, छताचा पंखा एवढाच आधार. तुम्हाला एसी हवा असेल तर 'एसी आहे का' एवढंच विचारू नका. खोली पूर्ण बंद होते का आणि एसी चोवीस तास चालतो का, तेही विचारा. काही ठिकाणी तो संध्याकाळी सहा ते सकाळी आठच असतो.

डासांबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये श्रीलंका मलेरियामुक्त जाहीर केली. डेंग्यू मात्र आहे आणि तो डास दिवसा चावतो. मच्छरदाणी पलंगाच्या चारही बाजूंनी गादीखाली खोचता येते का, की नुसती फोटोपुरती वर बांधलेली आहे, हे पाहुण्यांनी टाकलेल्या फोटोंत दिसतं.

तिसरं, दर. पानावर दराशेजारी दोन अधिक चिन्हं असतील तर सेवाशुल्क आणि कर वेगळे. सेवाशुल्क 10 टक्के, त्यावर व्हॅट 18 टक्के (जानेवारी 2024 पासून). 100 डॉलरची खोली 110 होते आणि मग जवळजवळ 130. तुमचं बजेट नेमकं इथे फुटतं. जेवणाच्या बिलालाही हेच. अगदी छोट्या गेस्टहाउसांना व्हॅटची नोंदणी लागत नाही, तिथे सांगितलेला दर तोच खरा. म्हणून 'सगळे कर धरून एकूण किती' हे आकड्यात लिहून घ्या.

चौथं, प्रतिक्रिया. तारे बघू नका. प्रतिक्रियांत रोड, ट्रेन, जनरेटर, डॉग, डॅम्प, कन्स्ट्रक्शन एवढे सहा शब्द शोधा आणि गेल्या तीन-चार महिन्यांतलंच वाचा. तिथे बांधकाम इतकं चाललंय की शेजारची रिकामी जागा वर्षभरात तीन मजली होते, आणि हॉटेल सकाळी सातला सुरू होणाऱ्या ग्राइंडरबद्दल स्वतःहून सांगत नाही.

पिंप्राळा_जळगाव

पांझराकाठ दादा, आभार. घरात बोलून मे रद्द केला, आता जानेवारीचा दुसरा पंधरवडा बघतोय. 'सर्फ कॅम्प' नावाची पॅकेजं दिसतात, खोली, नाश्ता आणि रोजचा धडा एकत्र. ती घ्यावी का? आणि पोहणं जेमतेम असताना शिकता येतं का, खरं सांगा.

लाट_आणि_लीश

खरं सांगायचं तर शिकता येतं, पण कमरेएवढ्या पाण्यातच. आणि जायच्या आधी दीड-दोन महिने जळगावात तलावावर जा. किमान हे जमलं पाहिजे: न थांबता 50 मीटर, आणि पाय न टेकता पाच मिनिटं तरंगणं. विहिरीत पोहलेल्या भावालाही हेच सांगा. विहिरीतलं पाणी थांबलेलं असतं, समुद्रातलं अंगावर येतं आणि परत ओढतं.

पॅकेजबद्दल: सात दिवसांचं आगाऊ भरू नका. तीन धडे घ्या, मग बघा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खांदे आणि बरगड्या इतक्या दुखतात की एक दिवस सुट्टी लागतेच, आणि पॅकेजमध्ये तो धडा बुडतो. कॅम्पला विचारायचे प्रश्न तीनच: एका शिक्षकामागे किती जण (चारपेक्षा जास्त नको, मुलीसाठी दोन), शिक्षक स्वतः पाण्यात उतरतो की काठावरून ओरडतो, आणि चौथ्या दिवशी लाट फुटते तिथवर नेतात की आठवडाभर फेसातच ठेवतात.

बोर्ड मोठा घ्या. मोठ्यांना 9 फुटी सॉफ्टटॉप (वरून मऊ फोमचा बोर्ड), मुलीला 7 ते 8 फुटी. भाऊ तरुण आहे म्हणून त्याला छोटा कडक बोर्ड देऊ पाहतील, घेऊ नका. छोटा बोर्ड हलतो जास्त आणि लागतो जोरात. भाड्याने घेताना चार जागी हात लावून पाहा. लीश म्हणजे घोट्याला बांधायची दोरी, ती बोर्डाला जोडलेली असते ती गाठ सैल आहे का. घोट्याच्या पट्ट्याचं वेल्क्रो घट्ट चिकटतं का. तिन्ही फिन (बोर्डाखालचे पंख) हलवून पाहा. आणि बोर्ड उचला: उगाच जड लागला तर कुठेतरी चीर पडून आत पाणी शिरलंय, तो परत करा. काठावर नेण्याआधी बोर्डावरचे जुने ओरखडे भाडेवाल्यासमोर मोबाइलवर टिपून ठेवा, नाहीतर परत देताना 'हे तुम्ही केलं' म्हणून पैसे मागितले जातात.

उभं राहण्याचा सराव घरी सतरंजीवर करा. पालथं झोपा. तळवे छातीच्या बाजूला, बरगड्यांखाली, सपाट (कडा धरायच्या नाहीत, ती सवय लागली की सुटत नाही). दोन्ही हातांनी ढकला, कंबर वर, पुढचा पाय दोन हातांच्या मध्ये, मागचा पाय आपोआप आडवा येतो. गुडघे वाकलेले, नजर समोर. गुडघ्यावर टेकून उठायचं नाही. रोज वीस वेळा पुरे. कोणता पाय पुढे जातो ते इथेच कळून येईल. लीश मागच्या पायाला.

पाण्यात असं: कमरेएवढ्या पाण्यात उभे राहा, बोर्डाचं नाक काठाकडे. फेस तीन-चार मीटरवर आला की बोर्डावर झोपा, पायाची बोटं शेपटीला लागतील इतके मागे. बोर्डाचं नाक पाण्याच्या वर चार बोटं राहिलं पाहिजे. नाक बुडून तोंडावर आपटलात तर पुढच्या वेळी वीतभर मागे सरका. बोर्ड अडखळून लाट खालून निघून गेली तर वीतभर पुढे. पहिल्या दिवशीच्या निम्म्या तक्रारी या वीतभरातच असतात. फेसाने बोर्ड ढकलला, वेग स्थिर झाला, की मगच उठा. लोक घाई करतात आणि ढकलतानाच उठतात.

पडताना पाठीवर किंवा कुशीवर सपाट पडा. डोकं खाली करून सूर कधीच मारू नका, पाणी गुडघाभरच असू शकतं. वर येताना हात डोक्यावर, कारण बोर्ड तिथेच कुठेतरी लीशला ताणून परत येत असतो. आणि बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मध्ये कधीही आडवा धरू नका. लाट तो सरळ दातांवर आणते. वेलिगामात लोक खडकाने जखमी होत नाहीत, एकमेकांच्या बोर्डांनी होतात. सकाळी नऊला तिथे पाच-सहा शाळांचे वर्ग एका रांगेत असतात. साडेसहाला उतरा: गर्दी कमी, आणि मतलई वारं असल्याने पाणी काचेसारखं. अकरानंतर खारं वारं सुटलं की लाट दाटते आणि फिसकटते.

भरती-ओहोटीची फार चिंता नको. आपल्या कोकणासारखं पाणी मैलभर मागे जात नाही, तिथला फरक मीटरभरही नसतो. पण खडकाळ जागी तेवढ्यानेही पाणी गुडघाभर होतं, म्हणून मिदिगामाला ओहोटीला जाऊ नका. अंदाज सांगणाऱ्या अ‍ॅपवर लाटेची उंची दीड मीटरच्या वर दिसली तर शिकाऊंनी त्या दिवशी फेसातच खेळावं. जोराचा पाऊस झाला असेल तर एक-दोन दिवस पोलवत्त नदीच्या मुखाकडची बाजू टाळा, नाल्यांचं पाणी तिथूनच समुद्रात येतं.

केळीबाग_रावेर

मला एक कळत नाही. एवढा व्हिसा, विमान, डॉलर कशासाठी? कर्नाटकात मुल्की आहे की. मंगला एक्स्प्रेस भुसावळ-जळगावहून थेट उडुपीला जाते, गाडी बदलायची नाही. उडुपीहून मुल्की पाऊण-एक तास. शांभवी नदीचं मुख, सर्फिंगच्या शाळा आहेत, शेजारी ससिहित्लूच्या किनाऱ्यावर राष्ट्रीय स्पर्धा भरलेल्या आहेत. आणि जेवायला उडुपीचं शुद्ध शाकाहारी. शिकायचंच आहे तर तिथे शिका, मग जा परदेशात मिरवायला.

पांझराकाठ_धुळे

रावेरकर, मुद्दा बरोबर आहे आणि नाहीही. शिकण्यासाठी मुल्की उत्तम, खर्च निम्म्याहून कमी. पण त्यांनी बुटीक हॉटेल विचारलंय. मुल्कीत होमस्टे आहेत, सर्फ शाळांच्या खोल्या आहेत, एवढंच. देखणी छोटी हॉटेलं आणि लाट दोन्ही भारतात एकत्र हवं असेल तर केरळातलं वर्कला: लाल कड्यावर हॉटेलांची रांग, खाली किनारा, उत्तरेला ओडयम-एडवा. फक्त कड्याच्या कडेची खोली घेताना जिने विचारा, आणि कडा ढासळत असतो, म्हणून अगदी काठावरच्या जुन्या बांधकामात राहू नका. ऑक्टोबर ते मेच्या सुरुवातीपर्यंत तिथेही चालतं. पावसाळ्यात मुल्की, वर्कला दोन्ही बंदच समजा.

तापी_माई

ताईने किंवा दादाने, जो स्वयंपाकाची काळजी करतो त्याने हे नीट वाचा, कारण तिथे शाकाहारी माणूस फसतो तो 'व्हेज करी' या शब्दाला.

भात आणि चार-पाच भाज्या हे तिथलं रोजचं ताट. वाटतं सगळं शाकाहारी. पण खोबऱ्याच्या लाल चटणीत (पोल सांबोल) आणि पुष्कळ भाज्यांत उंबलकड घालतात, म्हणजे वाळवलेल्या कुपा माशाचा चुरा. त्यांच्या लेखी तो मसाला आहे, मासा नाही. म्हणून 'फिश नको' म्हटलं तरी तो येतोच. नाव घेऊनच सांगायचं: 'उंबलकड एपा', म्हणजे उंबलकड नको. जोडीला 'मस एपा, माळु एपा, बित्तर एपा' (मांस नको, मासा नको, अंडं नको). हॉटेलला बुकिंगच्या वेळीच लिहा, कारण सांबोल सकाळी एकदाच वाटून ठेवतात, ताटात आल्यावर काढता येत नाही.

त्यातल्या त्यात भरवशाचं: परिप्पु (नारळाच्या दुधातली मसूर डाळ), पोलोस (कोवळ्या फणसाची भाजी), इंदिआप्पा म्हणजे शेवया, साधे आप्पे (म्हणजे हॉपर, वाटीसारखे घावन; अंड्याचेही मिळतात, सांगा), पोल रोटी. वंबटु मोजु हे तळलेल्या वांग्याचं आंबट-गोड प्रकरण आपल्या भरीतवाल्यांना आवडेल, पण त्यातही कधी कधी उंबलकड, विचारूनच घ्या. शेवटी म्हशीचं दही आणि वरून भेरली माडाचा पाक, हे सोडू नका. कोत्तु रोटी टाळा. एकाच तव्यावर अंडं, कोंबडी, सगळं खडखडत असतं. जैन जेवण हवं असेल तर खरंच कठीण आहे, स्वयंपाकघर वापरू देणारा होमस्टेच बघावा.

शेव, लाडू, मेतकूट बांधून न्या, तिखटासाठी मिरचीची गरज नाही, तिथलं सांबोल आपल्याला पुरून उरतं. पौर्णिमेला पोया असते, त्या दिवशी दारू कुठेच विकत नाहीत आणि बरीच दुकानं बंद असतात, पाणी आणि फळं आदल्या दिवशी आणून ठेवा.

कपड्यांचं: पूर्ण बाह्यांचा लायक्रा टी-शर्ट आणि घोट्यापर्यंतची लेगिंग, बायकांनी आणि पुरुषांनीही. सॉफ्टटॉप बोर्ड गुडघे आणि पोट सोलून काढतो. जस्ताचं सनस्क्रीन, एसपीएफ 50, पाण्यात जायच्या वीस मिनिटं आधी. कान आणि गुडघ्यामागची लवणी लोक विसरतात, मग दोन दिवस पाय दुमडता येत नाही. खडकाने किंवा फिनने कापलं तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, आयोडिन लावा आणि ती जखम सुकेपर्यंत समुद्र बंद. ओल राहिली की ती लगेच चिघळते.

भुसावळ_फलाट_चार

मार्ग. अमरावती एक्स्प्रेस रात्रीची, पहाटे मुंबईत. सीएसएमटीला उतरा, मेट्रो तीन थेट टी-टू विमानतळाखाली जाते, पण ती सहाच्या सुमारास सुरू होते. त्याआधीचं विमान असेल तर टॅक्सीच. थंडीत मागून धुक्यात अडकून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या भरवशावर विमान ठेवू नका. नंदुरबारकडच्यांना सुरतमार्गे सोपं. जळगावहून विमान पकडायचं असेल तर एकाच तिकिटावर मिळतंय का बघा. दोन वेगळी तिकिटं असली आणि पहिलं उशिरा आलं तर पुढचं बुडतं आणि भरपाई कुणीच देत नाही.

मुंबई-कोलंबो थेट विमान अडीच तासांचं. पासपोर्ट पोचल्यापासून सहा महिने चालू हवा. ईटीए (प्रवासाआधी ऑनलाइन काढायची प्रवेशपरवानगी) सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. तसंच दिसणारी दलालांची पानं शोधात वर येतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात. शुल्काचे नियम वरचेवर बदलतात, निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा.

विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला काटुनायकेला. तिथून वेलिगामा गाडीने एक्स्प्रेसवेने अडीच-तीन तास, कोकमादुवाला बाहेर पडायचं. चौघं असाल तर व्हॅन ठरवा, भाडं टोलसकट की टोल वेगळा ते आधी विचारा. रेल्वेची हौस असेल तर कोलंबो फोर्टहून गॅलमार्गे, जाताना उजवीकडे बसा, समुद्र त्या बाजूला. पण बॅगा घेऊन शुक्रवारी संध्याकाळी नको, उभं राहावं लागतं. रेल्वे येताना घ्या.

पैसे: एक रुपया म्हणजे तिकडचे साधारण साडेतीन. फेब्रुवारी 2024 पासून आपलं यूपीआय तिथल्या क्यूआरवर चालतं, मात्र निघण्याआधी अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा आणि टुकटुकसाठी रोख ठेवाच. टुकटुकचं भाडं बसण्याआधी ठरवा. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना एकटा पुरत नाही, तिथलं मान्यतापत्र लागतं. ते नसताना अपघात झाला तर विमा हात वर करतो. विम्यात सर्फिंग धरलंय का हेही लेखी विचारा, बऱ्याच पॉलिसी 'साहसी खेळ' वगळतात.

पिंप्राळा_जळगाव

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: 16 ते 20 जानेवारी वेलिगामा, 20 ते 23 आहंगामाच्या आत. दोन्ही हॉटेलांना पत्र टाकतोय. काय काय विचारायचं, एकदा कुणी थोडक्यात लिहून देईल का? इंग्रजी माझं मी करतो.

पांझराकाठ_धुळे

वेलिगामावाल्याला: कर धरून चार रात्रींचे दोन खोल्यांचे एकूण किती. खोली रस्त्याकडे की मागे. सकाळी सहाला चहा आणि फळं मिळतील का, आणि नाश्ता दहापर्यंत ठेवतील का (लाट साडेसहाला, नाश्ता आठला संपतो, हे नेहमीचं). बोर्ड आणि ओले कपडे धुवायला बाहेर गोड्या पाण्याचा शॉवर आहे का. कपडे वाळवायला उन्हातली दोरी आहे का, खोलीत ते दोन दिवसांतही वाळत नाहीत.

आहंगामावाल्याला: एसी आणि खोली बंद होण्याचं वर लिहिलंय तेच. वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे. शेजारी बांधकाम चालू आहे का, हे सरळ विचारा. उत्तर टाळलं तर चालू आहे. उंबलकडविना जेवण, रात्रीचंही, कारण शेतातल्या हॉटेलातून रात्री बाहेर जेवायला टुकटुक मिळेलच असं नाही. मुलीसाठी जादा पलंग टाकणार असाल तर त्याचे पैसे आणि पलंगाची लांबी, बरेचदा तो पाच फुटी दिवाण निघतो. रद्द करायची मुदत किती दिवस आधीची, आणि आगाऊ रक्कम किती. पूर्ण पैसे आगाऊ बँकेत मागत असतील तर दुसरं बघा.

चार्जरसाठी अडॅप्टर घ्या. काही ठिकाणी आपल्या गोल पिना बसतात, नव्या हॉटेलांत चौकोनी सॉकेट असतात.

लाट_आणि_लीश

आणि वेलिगामावाल्याला हेही विचारा की ते कोणत्या सर्फ शाळेकडे पाठवतात आणि तुम्ही दुसरी निवडली तर चालेल ना. बहुतेक गेस्टहाउसांचं एका शाळेशी कमिशन ठरलेलं असतं. त्यात गैर काही नाही, पण पहिल्या सकाळी किनाऱ्यावर अर्धा तास नुसतं उभं राहून बघा. ज्या शिक्षकाचे विद्यार्थी पडल्यावर डोक्यावर हात घेऊन वर येताना दिसतील, त्याच्याकडे मुलीला द्या.